निळ्या शिडाची जोडी

—नाही मॅडम, गोदामात नका जाऊ. बसा इथं. ही खुर्ची घ्या, ती नको, तिचा पाय हलते, ती विम्यावाल्यांसाठी ठेवली आहे, म्हणजे ते जास्त वेळ बसत नाहीत. कूलर तुमच्याकडं वळवतो. गोदामात आता नुसती भट्टी पेटली आहे, अन् एक घूस आहे आत, मांजराएवढी, तिचा काही नेम नाही. तुमचं शीड झालं न शिवून. मी स्वतः शिवलं. मधल्या पारदर्शक खिडकीचं प्लास्टिक तिरपं फाटलं होतं, तिथं दोन्हीकडून पट्टी लावली, वरून दुहेरी शिवण मारली, आता वादळ आलं तरी शिवण तशीच राहते, बाजूचं कापड फाटन. तयार आहे. आता तयार आहे म्हणजे हातात आहे असं — म्हणजे आहे, आहेच, कुठं जाते? शीड आहे, पाखरू थोडी आहे. तुम्ही उद्या सकाळी येतो म्हणाल्या होत्या, आज संध्याकाळीच आल्या, म्हणून म्हटलं बसा. चहा घेता न? सांगितला मी. नाही म्हणू नका, सांगून झाला आता.

बरं, गाडीवर फळी बांधूनच आल्या तुम्ही. मी इथूनच पाहून राहिलो. चांगली बांधली. ही गाठ कोणी शिकवली? सरांनी? वाटलंच. गाठ बरोबर आहे, पण दोरी उलट्या बाजूनं काढली, सोडताना नखं तुटतात. सर नाही आले? — अच्छा. लग्नाले गेले. कोणाच्या? प्लांटातल्या कोण्या पोट्ट्याच्या. प्लांट म्हणजे मौद्याचा न, सर तिथंच आहेत न — हो. हो का. मौद्याले. आज. चांगलं आहे. लग्नसराईच आहे, कोणी न कोणी जातेच मौद्याले. मीही जाणार होतो. म्हणजे जाणार आहे. पण तुम्ही आल्या.

नाही, काही नाही, तोंड काहून उतरन माझं? गर्मी आहे.

मॅडम, शीड नेण्याच्या आधी एक गोष्ट विचारू? राग नका मानू. बिछायतवाला माणूस आहे मी, बाहेर पाटी वाचली असन, रुपराव बिछायत केंद्र, मंडप, गाद्या, खुर्च्या, जेवणाची भांडी. लग्नाच्या मंडपातून पाण्यातल्या शिडांवर कसा आलो ते सांगतो, पण आधी विचारतो. तुमची फळी ती, निळ्या पट्ट्याची, निमुळती. पाण्यावर तोलायची ताकद शंभर लिटरच्या वर थोडी असन. अन् शीड पावणेआठ चौरस मीटरचं. ही जोडी कोणी लावून दिली तुम्हाले? — सरांनी. हं. — नाही, काही नाही. हं म्हटलं. माणूस हं पण म्हणू शकत नाही का आपल्या दुकानात.

आता ऐका. हा धंदा माझ्याकडे असा आला की आंध्राच्या बाजूले कोणाचा तरी पाण्यावरच्या खेळांचा क्लब बंद पडला, त्याचा माल लिलावात निघाला, अन् मले फोटो आला मोबाईलवर. फोटोत काय, तर रंगीत रंगीत कापड, मधे काचेसारखं पारदर्शक, आत कमच्या घातलेल्या, ताणलं की फुगून उभं राहते. मी म्हटलं, वा, स्टेजच्या मागं काय दिसन हे. ट्रकभर उचललं. सोबत फळ्या आल्या, त्या मी वाढपाच्या टेबलाले वापरल्या. खरं सांगतो. खाली दोन घोड्या, वर फळी, पांढरी चादर, अन् त्याच्यावर जिलेबी, मठ्ठा, भजे. गुळगुळीत फळी, पुसायले सोपी. फक्त खालच्या बाजूले ते पात्यासारखं निघालेलं असते न, तो पर, त्याच्यात एका वाढप्याचं धोतर अडकलं अन् भर पंगतीत — राहू द्या, तुम्ही लेडीज आहात.

तर एका लग्नात बंटी नावाचा पोट्टा आला, इतवारीतला, गोव्याले जाऊन आलेला. मठ्ठा घेताना फळीकडं पाहते अन् ग्लास तसाच हातात. म्हणे, काका, हे तर पाण्यावर शिडानं चालवायचे बोर्ड आहेत. मी म्हटलं, असतीन. म्हणे, विकता का? बिछायतवाल्याले तुम्ही विचारलं न, की विकता का, तर त्याच्या तोंडून नाही निघतच नाही. भाड्यानं देऊन देऊन जीव थकलेला असते त्याचा, माल परत येते तेव्हा कुठं हळद, कुठं वरण, कुठं पान. विकलं की गेलं. मी म्हटलं, विकतो न. आता त्याले फळी दाखवायची तर शीड पण दाखवावं लागते. अन् मी काय केलं सांगू? मंडपवाला आहे. मंडपवाल्याचा डोळा एकच पाहते. लाल फळी काढली अन् लाल शीड काढलं. पिवळी फळी, पिवळं शीड. रंगाले रंग. साडीले पोलकं लावतात तशी मी मॅचिंग लावून उभी केली सगळी भिंत, अन् बंटी पाहून खूष. लाल जोडी घेऊन गेला.

आता बंटी पाहिला नाही तुम्ही. बंटी म्हणजे भरलेलं पोतं. अन् ती लाल फळी लाटांवर नाचायची, छोटी, दोन्हीकडून केळासारखी वाकलेली. अन् लाल शीड सगळ्यात मोठं, घराएवढं. खिंडसीच्या तलावावर गेला. मी पण गेलो पाहाले, रामटेकले नाही तरी एक मंडप पाहायचा होता. काय सांगू मॅडम, फळी पाण्याखाली, बंटी पाण्यावर, अन् शीड हवेत — एकाच घरचे तिघं तीन मजल्यांवर राहून राहिले. काठावर लोक टाळ्या वाजवून राहिले, त्यांले वाटलं हाच खेळ आहे. तो परत आला, फळी माझ्या काउंटरवर आडवी टाकली, पाणी टपटप, अन् एवढंच म्हणे, काका, मॅचिंग मस्त होतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी शिकलो. कोणाले विचारलं नाही, कोणी होतंच कोण विचारायले? काठावर छत्री घेऊन बसत होतो रविवारी, कोणतं शीड कोणत्या फळीवर सुखी राहते ते पाहत. अन् एक दिवस डोक्यात उजेड पडला की हे तर मंडपाचंच आहे. उमरेडले एकदा आमचा मंडप उडाला होता, उन्हाळ्यातच. मालकाले भव्य पाहिजे होतं, भव्य, भव्य, तर आम्ही बारीक खांबावर मोठ्ठं छत ताणलं. वावटळ आली. छत तर गेलंच, खांबांले पण उपटून घेऊन गेलं, मालकाचे साडू एका खांबाले धरून उभे होते, ते बिचारे तीन वावरं ओलांडून — बरं, तीन नाही, पण बांधापर्यंत गेले. शिकलो काय? खांबाले झेपन तेवढंच कापड. फळी म्हणजे खांब, शीड म्हणजे छत. रुंद फळी मोठं शीड सोसते. निमुळत्या फळीवर मोठं शीड चढवलं की ते फळीले मागून दाबते, शेपूट बुडते, नाक वर येते, अन् तुमचे हात खांद्यातून निघून राहिले असं वाटते. वाटते न? — पहा. पोटऱ्या पण दुखतात न? — पहा.

अन् उलटं केलं, मोठ्या रुंद फळीवर छोटं शीड, तर म्हशीवर छत्री लावल्यासारखं. चालते, पण म्हैस चालवन तसं.

वजन विचारत नाही मी, बाईमाणसाले वजन विचारू नये हे कळते मले, पण फळी विचारते, तिले काही रीतभात नाही. तुमच्याकडं पाहून सांगतो, साठच्या आत. आता सपाट पाणी आहे आपलं, समुद्र नाही, लाटा नाहीत. सपाट पाण्याले सपाट बुडाची फळी, जी तुमची आहे, ती चांगली, सरळ, पळणारी, तिच्यात खोट नाही. तिच्यावर सव्वासहा मीटरचं शीड चढवा, साजूक तुपातल्या पुरीवानी फुगते. आता खिंडसीवर दुपारनंतर जे झोत येतात गरम, या महिन्यात, त्याच्यात पावणेआठ घेऊन तुम्ही काय करसान? शीड तुम्हाले घेऊन जाईन, तुम्ही शिडाले नाही. अन् पर पण लहान लागते लहान शिडाले, तोही बदलून देतो. ते पहा भिंतीवर, नारिंगी. तेच. सव्वासहा. मी म्हणतो उद्या हे घेऊन जा. निळं राहू द्या.

नाही, नाही, विकून नाही राहिलो. फुकट. वापरून परत द्या. मी माल खपवण्यासाठी बोललो असं वाटलं का? — वाटलं. वाटू शकते. मी धंदेवाला माणूस, चेहराच तसा आहे, आमच्या गोपिकेले पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी पाणी दे म्हटलं की ती आधी विचारते, काय पाहिजे ते सरळ सांगा.

हा फोन — एक मिनिट हं मॅडम. — हा, बोल लहानूभाऊ. — वरात कुठं आहे? — अजून बसस्टँडवरच? — अन् डीजेवाल्याले कोणी समजावत नाही का गा? — भन्तेजी आले? वेळेवर येऊन बसले? त्यांले पाणी द्या, पंखा लावा एक. — नाही. नाही, निळ्याले हात लावायचा नाही. लग्न लागेपर्यंत जागचं हलवायचं नाही, मी सांगून राहिलो न. — कोणी आलं नाही घ्यायले. मी पाहतो इकडं. — हो. दीपमाला रडून तर नाही राहिली? — बस मग. ठेव.

लहानूभाऊ होता. माझ्या मंडपाचा कारागीर, म्हणजे तोच मंडप, मी तर नुसती पाटी. हा दुसरं निळं म्हणत होता. दुसरं. पडदा आहे एक निळा. मंडपात निळं नसते का? त्यांच्यात निळंच लागते, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मागं निळं, समोर पांढऱ्या साडीत पोरगी. चहा आला. घ्या. साखर जास्त टाकते तो, मी सांगतो त्याले रोज.

दीपमाला लहानूची पोरगी. आज लग्न आहे तिचं. कुठं? आहे इकडंच — भंडाऱ्याच्या रोडले. — हो, मौदा त्याच रोडले आहे. रोड मोठा आहे, मॅडम, त्याच्यावर बहुत गावं आहेत.

काय पाहून राहिल्या असं?

असं पहा, एक सांगतो, तुमचा त्याच्याशी संबंध नाही, सहज सांगतो. लहानूनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींचे मंडप उभे केले. कोणाच्या स्टेजवर मोर, कोणाच्या स्टेजवर राजवाडा. अन् त्याच्या स्वतःच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं तर सिझन असा होता की सगळा चांगला माल बाहेर. मी म्हटलं, एक पार्टी थांबवू. तो म्हणे, नाही भाऊ, शब्द दिला तो दिला. जुन्या कनाती लावल्या त्यानं, ठिगळाच्या. अन् पोराकडची एक आत्या आहे, सिंधूताई. तुम्ही पाहिली नाही तोवर सुखी आहात. ती सिंधूताई भर साक्षगंधात कनातीले बोट लावून म्हणते, मंडपवाल्याच्या घरचा मंडप असा असते काय वं, आमच्या इथं ढोरं याच्यापेक्षा बऱ्या सावलीत बांधतात. सगळ्यांसमोर. लहानू खाली पाहत होता. अन् वरून तिनं अट टाकली, लग्न आमच्याकडं होईन पण मंडप मुलीच्या बापाचा, मंडपवाले आहात न तुम्ही, दाखवा. पोरगा चांगला आहे, रोशन, त्याले काही नाही पाहिजे, पण आत्यापुढं घरात कोणाचं चालत नाही. लहानू मले म्हणे, भाऊ, राजवाडा नको, मोर नको, ते सगळे तिनं पाहिले आहेत. तिनं पाहिलं नाही असं काही पाहिजे.

आता तिनं पाहिलं नाही असं माझ्याकडं एकच. शीड. गोदामात माझं एक निळं होतं, पावणेआठचं, लिलावातलं. मागून लाईट सोडून पाहिला आम्ही. काय सांगू, पारदर्शक खिडकीतून उजेड असा पसरते की वाटते पहाट होऊन राहिली. लहानू पाहतच राहिला. मग म्हणे, पण भाऊ, एकच आहे. अन् स्टेजले एक चालत नाही, मॅडम. स्टेजच्या डाव्या बाजूले जे, ते उजव्या बाजूले पाहिजेच. एका बाजूले शीड अन् दुसऱ्या बाजूले काही नाही म्हणजे एका कानात डूल घालून नवरी बसवल्यासारखं. जोडी पाहिजे. पंख कसे दोन असतात. आता पावणेआठचं, निळं, त्याच साच्याचं दुसरं शीड नागपुरात कोणाकडं असन?

—चहा थंडा होऊन राहिला तुमचा.

हो.

हो मॅडम. तेच. शिवून तयार होतं, ते खोटं नव्हतं. तुम्ही रविवारी सकाळी येतो म्हणाल्या, लग्न शनिवारी संध्याकाळी, रात्री टेम्पो परत येईन, मी पुसून, घडी करून ठेवीन, तुम्हाले कळणार पण नाही, हिशेब असा होता. भाडं घेतलं नाही मी लहानूकडून. तुमच्या मालाचं भाडं घेणं हे तर — नाही घेतलं. अन् एक तार त्याच्यातून नेली नाही, एक खिळा मारला नाही, सुतळीनं बांधलं. फुलं पण लावू दिली नाहीत, सिंधूताई म्हणत होती झेंडू लावा, मी फोनवर म्हटलं झेंडूचा डाग पडते, इम्पोर्टेड आहे. इम्पोर्टेड म्हटलं तशी ती गप्प झाली. लहानू म्हणते, ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली.

आता तुम्ही सांगा. तुमचं शीड आहे, तुमचा हक्क आहे. म्हणाल तर मी आत्ता फोन करतो, लहानू उतरवते, एक शब्द नाही बोलणार तो, मले माहीत आहे, उतरवते अन् घडी करते अन् टेम्पोत टाकते. वरात पोचन तेव्हा स्टेजवर एक पंख राहीन. भन्तेजी वंदना घेतीन, त्रिशरण पंचशील होईन, लग्न काही अडत नाही, त्यांचं लग्न पंखावर थोडी अडते. फक्त सिंधूताई पाहीन. — हा घ्या मोबाईल, तुम्हीच सांगा त्याले. नंबर सगळ्यात वर आहे.

नाही? मग काय? — फोटो? आहे न. दुपारी पाठवला त्यानं. थांबा, चष्मा — हा पहा. मोठा करून पहा. ही दीपमाला, तयार होऊन बसली आहे, केसातली फुलं आली नव्हती तेव्हाचा आहे. हा डावा पंख माझा, उजवा तुमचा. माझ्यापेक्षा तुमचा बरा दिसते, खिडकी नवी आहे न.

काय झालं? — उलटं? — हो, उलटंच लावलं. टोक खाली, रुंद बाजू वर. तुम्हाले कळलं लगेच, पहा, पाण्यातलं माणूस ते पाण्यातलं. सरळ लावून पाहिलं होतं आम्ही. पण रुंद बाजू खाली आली की स्टेजवर पाय अडकतात, आहेर देणाऱ्या म्हाताऱ्या पडतात. उलटं केलं तर वर पसरते, कमान झाल्यावानी. तुम्ही हसून राहिल्या का रागावून राहिल्या, तुमचं मले समजत नाही. कूलरच्या आवाजात — हसून राहिल्या. हसा. माझा जीव आता जाग्यावर आला. दुपारपासून टांगलेला आहे, तोही उलटाच.

पुन्हा त्याचाच फोन. स्पीकरवर ठेवू? ठेवतो, आता काय लपवायचं. — हा लहानूभाऊ. — पोचली वरात? वा. — कोण? कोण विचारून राहिलं? — साहेब? कसे दिसतात? — उंच, चष्मा, हातात दोन कॅमेरे —

मॅडम, सर कॅमेरे घेऊन गेले होते?

—अन् काय म्हणून राहिले ते? — हात लावून पाहिला? उजव्याले? — हं. — काय विचारलं त्यांनी? पुन्हा सांग, नीट सांग, मॅडम बसल्या आहेत समोर. — हे मंडपाचं कापड कोणत्या गिरणीचं आहे? असं विचारलं? गिरणीचं? — अन् तू काय सांगितलं? — इचलकरंजी. शाबास. — नाही, उतरवायचं नाही. मॅडमनं सांगितलं. हो, मॅडमनंच. लग्न लागू दे. — तू रडू नको गा लहानूभाऊ, तू रडला तर पोरीनं काय करायचं? ठेव आता.

—

मॅडम. पाणी प्या थोडं.

नाही, मी सरांले नावं ठेवत नाही. सर हुशार आहेत. माझ्याकडं येतात तेव्हा अर्धा अर्धा तास मले समजावून सांगतात, शिडाच्या मागं हवेचा दाब कसा कमी होते, समोर कसा वाढते, बोट फिरवून फिरवून सांगतात, मी हो हो करतो. मले काय समजते? मी तर कधी फळीवर उभा पण राहिलो नाही. — नाही, कधीच नाही. पाण्याची भीती वाटते मले, तोंड धुण्यापुरतंच जमते आमचं. हे कोणाले सांगू नका, गिऱ्हाइकं तुटतात. पण उलटं लटकवलं, मागून लाईट लावला, की स्वतःच्या बायकोचं शीड, ज्याच्यावर स्वतः हात ठेवून पसंत केलं होतं, ते — इथंच केलं होतं, या काउंटरवर. मी म्हटलं होतं त्यांले, सर, मॅडमच्या फळीले सव्वासहा द्या. तर ते असे हसले अन् म्हणे, थोडं मोठंच द्या रुपराव, तिले जास्त वेग पाहिजे असते. अन् डोळा —

काही नाही. डोळ्यात काही गेलं होतं सरांच्या. धूळ किती आहे आपल्या या उमरेड रोडवर.

नाही, मले काय माहीत त्यांनी काहून मोठं घेतलं? नवराबायकोच्या गोष्टी. मी मधे पडत नाही. तुमची काय ती पैज आहे न, उद्याच्या खिंडसीवरच्या शर्यतीची, सरच सांगत होते, की जो हरन त्यानं वर्षभर दोघांच्याही फळ्या गाडीवर चढवायच्या अन् उतरवायच्या, ते सांगून सांगून हसून राहिले होते. मागच्या वर्षी पण तुम्हीच वाहिल्या म्हणे. मी म्हटलं चांगलं आहे, खेळ आहे. अन् त्यांनी स्वतःसाठी काय नेलं ते पण मी सांगणार नाही. त्यांची फळी रुंद, त्याच्यावर त्यांनी बरोबर मापाचं नेलं, एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही. ते मी सांगितलं नाही. तुम्ही ऐकलं नाही.

नारिंगी पाहता? आणतो. — धरून पहा. हलकं वाटते न? हात वर करा, खांदा सैल सोडा. पहा. पावणेआठनं तुमचे खांदे कानाले लावून ठेवले होते, आता उतरले. काठी पण छोटी देतो याची, अन् हा पर, तुमचा मोठा काढून हा बसवा, एकच स्क्रू आहे. झोत आला की बिलकूल ओढायचं नाही, थोडं सोडायचं, पतंगाले ढील देतो तशी. मी पाण्यात गेलो नाही पण संक्रांतीले पतंग बहुत उडवले, हवा तीच आहे.

तुमचा फोन वाजून राहिला. सर असतीन. घ्या न, मी बाहेर जातो. — बसू? बसतो.

—

काय म्हणतात सर? — मंडप आवडला? — काय? आपल्या हॉलमधे लावायले असंच कापड आणू? दोन्हीकडं? — मॅडम, हसा, पण आधी फोनवर हात ठेवा, त्यांले ऐकू जाईन. — सांगा, रुपरावकडं मिळते. सांगा, विचारून सांगते. — ठेवला? वा. एवढं गंभीर तोंड करून बोलल्या तुम्ही, मले तुमचीच भीती वाटली क्षणभर. तुम्ही धंद्यात असत्या तर माझी पाटी उतरली असती.

चला, उठा आता. लवकर निघा, प्रताप नगरले पोचेपर्यंत सगळे सिग्नल लागतात या वेळेले. नारिंगी मी बांधून देतो, गाठ माझ्या हातची, एका हातानं सुटते. सर आले तर चादर टाका याच्यावर, सकाळपर्यंत दिसलं नाही पाहिजे. मले शटर ओढायचं आहे, गोपिका तयार होऊन बसली असन, आहेर द्यायचा आहे, अन् सिंधूताईचं तोंड पाहायचं आहे मले, ते तर सोडत नाही मी. निळं सोमवारी घेऊन जा. सरांले पाठवलं तरी चालते, आता वर्षभर ओझी त्यांचीच. फक्त मले आधी फोन करा, मी उलटं लटकवून ठेवतो — सरळ ठेवलं तर आपलं इचलकरंजीचं कापड ओळखणार नाहीत ते.